दख्खनमधील शिकारी पक्षी : शिकारखान्यापासून छायाचित्रणापर्यंत

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी आणि दफ्तरे यांचा निर्देश प्रथम होतो. छायाचित्र हे त्या मानाने अलीकडचे साधन होय. राजे, दरबार, वास्तू आणि राजकीय प्रसंग यांच्या छायाचित्रांना इतिहासाच्या अभ्यासकांनी साधनाचा दर्जा दिला. परंतु वन्यजीवांचे छायाचित्र मात्र बहुधा छंदाचा किंवा सौंदर्याचा विषय मानले गेले. वस्तुतः एखादा पक्षी अमुक वर्षी अमुक ठिकाणी होता, याचा पुरावा म्हणून अशा छायाचित्राचे मोल कागदपत्राहून कमी नाही. जो पक्षी पुढे त्या प्रदेशातून नाहीसा होतो, त्याच्या बाबतीत तर ते अधिकच जाणवते.

प्रस्तुत लेखात दख्खनच्या, विशेषतः छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद परिसराच्या संदर्भात, शिकारी पक्ष्यांच्या प्रतिमेचा इतिहास थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न केला आहे. गरुड, ससाणा, शिक्रा, घार, भोवत्या आणि गिधाड यांना सामान्यतः शिकारी पक्षी म्हटले जाते. व्यापक अर्थाने घुबड व पिंगळा यांचाही त्यांत समावेश होतो. येथे हा व्यापक अर्थ स्वीकारला आहे. विवेचनाच्या मुळाशी दोन प्रश्न आहेत. पक्ष्याची प्रतिमा मिळविण्यासाठी माणसाने प्रत्येक काळात पक्ष्याकडून काय घेतले? आणि त्या प्रतिमेवर इतिहासाच्या अभ्यासकाने कितपत विसंबावे?

लेण्यांतील शिकारी पक्षी

या प्रदेशात शिकारी पक्ष्याची प्रतिमा कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी अवतरली. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिबी राजाची कथा चित्रित केलेली आहे. ससाण्याच्या तावडीतून सुटून आलेल्या कबुतराला राजा अभय देतो आणि ससाण्याचा आहार हिरावला जाऊ नये म्हणून कबुतराच्या भारंभार स्वतःचे मांस देऊ करतो, असा तो प्रसंग. या कथेत शरणागत कबुतराचे रक्षण होते, तसाच ससाण्याचा भुकेचा हक्कही मान्य केला जातो, ही बाब लक्षणीय आहे. शिकारी पक्ष्याला केवळ क्रूर ठरवून कथा थांबत नाही.

वेरूळच्या कैलास लेण्यात सीताहरणाच्या वेळी रावणाला अडविणारा जटायू कोरलेला आहे. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेद या स्थळाशी जटायूच्या अंतकाळाची कथा लोकपरंपरेने जोडली आहे. गिधाडासारख्या मृतभक्षक पक्ष्याला या परंपरेत मिळालेले आदराचे स्थान पुढील विवेचनात पुन्हा आठवावे लागेल.

या प्रतिमा अर्थातच पक्षिनिरीक्षणाची नोंद नाहीत. कोणता पक्षी, कोणत्या ऋतूत, कोठे दिसला, हे सांगण्याचा त्यांचा हेतू नव्हता. मात्र शिकारी पक्षी या प्रदेशाच्या कल्पनाविश्वात दीर्घकाळ वावरत आहे, एवढे त्यावरून निश्चितपणे म्हणता येते.

शिकारखाना आणि पक्ष्यांची नावे

मध्ययुगात शिकारी पक्षी माणसाच्या मनगटावर येऊन बसला. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त पाळीव शिकारी पक्षी, त्यांची निगा आणि त्यांवर नेमलेले सेवक यांची माहिती आहे. मराठी राज्यव्यवस्थेत जे अठरा कारखाने सांगितले जातात, त्यांत पीलखाना, तोफखाना यांच्या जोडीने शिकारखान्याचेही नाव येते. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेले खडकी हे नगर पुढे मोगलांच्या दख्खन सुभ्याचे प्रमुख ठाणे झाले आणि उत्तरेकडील दरबारी शिकारीचे रिवाज व त्यांची परिभाषा या प्रदेशाच्या अधिक परिचयाची झाली.

या काळाचा सर्वांत टिकाऊ अवशेष भाषेत सापडतो. बहिरी, शाहीन, शिक्रा, लगड, तुरुमती ही नावे आजही पक्षिनिरीक्षकांच्या तोंडी आहेत. ती बाजदारांच्या व्यवहारातून, फारसी आणि हिंदुस्थानीच्या वाटेने आली. त्यांपैकी काही तर इंग्रजीत आणि शास्त्रीय नामावलीतही जाऊन बसली. शिक्रा हे नाव इंग्रजीने जसेच्या तसे स्वीकारले. तुरुमतीच्या शास्त्रीय नावातील ‘चिक्वेरा’ हा शब्द त्याचेच रूपांतर होय. आज टेलिफोटो लेन्स रोखून ‘शिक्रा दिसला’ असे म्हणणारा छायाचित्रकार नकळत शिकारखान्याचीच परिभाषा वापरत असतो.

प्रतिमेच्या दृष्टीने या काळातील एक प्रसंग विशेष उल्लेखनीय आहे. इराणच्या शाह अब्बासकडून आलेला एक ससाणा वाटेत मांजराच्या हल्ल्यात जखमी झाला आणि दरबारात पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत मेला, असे जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. १६१९च्या सुमाराची ही घटना. त्या पक्ष्याच्या रूपाने प्रभावित झालेल्या बादशहाने उस्ताद मन्सूर या चित्रकाराला त्याचे चित्र काढून ठेवण्याची आज्ञा केली. नाशवंत पक्ष्याचे रूप टिकवून ठेवावे, ही प्रेरणा येथे स्पष्ट दिसते. मात्र हा पक्षी बंदिवान होता आणि चित्र त्याच्या मृत्यूमुळे निघाले. मुक्त पक्ष्याची प्रतिमा अजून दूर होती.

बंदूक, कातडे आणि पहिला कॅमेरा

एकोणिसाव्या शतकात पक्ष्यांच्या अभ्यासाला शास्त्रीय वळण मिळाले. टी. सी. जर्डन हा मद्रास सैन्यातील वैद्य आपल्या सेवाकाळात जालन्याच्या छावणीत होता. जालना हे १९८१ मध्ये स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होते, त्यामुळे जर्डनच्या लेखनातील जालन्याचे उल्लेख या जिल्ह्याच्या पक्षिइतिहासाचे आरंभीचे साधन ठरतात. १८४३ ते १८४७ या काळात त्याने पक्ष्यांच्या रंगीत चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील चित्रांसाठी त्याने देशी चित्रकारांची मदत घेतली होती. १८६२ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘बर्ड्स ऑफ इंडिया’ या त्याच्या ग्रंथात शिकारी पक्ष्यांची वर्णने तर आहेतच. शिवाय बाजदारांकडून मिळालेली माहितीही आहे. शिकारखान्याचे ज्ञान अशा रीतीने शास्त्रात उतरले.

या शास्त्राचे मुख्य साधन मात्र बंदूक होते. पक्षी मारावा, त्याचे कातडे सोलून भरावे, पायाला तारीख व ठिकाणाची चिठ्ठी बांधावी आणि तो संग्रहालयात ठेवावा, ही तेव्हाची सर्वमान्य पद्धत. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रहही याच रीतीने वाढला. हैदराबाद संस्थानाचे पक्षिसर्वेक्षण डॉ. सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये केले, तेव्हा औरंगाबाद त्या संस्थानातच होते. त्या सर्वेक्षणाचाही पाया नमुने गोळा करणे हाच होता. डॉ. अली यांच्या आत्मचरित्राचे नाव लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीवरून आले आहे, हे सर्वज्ञात आहे. औरंगाबादेत दिल्ली दरवाजाजवळचा जुना खिजरी तलाव पुढे त्यांच्याच नावाने ‘सलीम अली सरोवर’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

कॅमेरा या काळात दख्खनमध्ये आलेला होता. पण त्याची दृष्टी निराळी होती. सहाव्या निजामाने १८८०च्या दशकात लाला दीनदयाळ यांना दरबारी छायाचित्रकार म्हणून आश्रय दिला. त्यांच्या छायाचित्रांत महाल, लवाजमा, लेणी आणि शिकारीच्या मोहिमा दिसतात. व्हाइसरॉय कर्झनच्या १९०२ मधील शिकारीच्या छायाचित्रात मारलेला वाघ पायाशी आहे. वन्य प्राणी कॅमेऱ्यासमोर येई तो मेल्यानंतर. यात छायाचित्रकाराचा दोष शोधण्याचे कारण नाही. काचेच्या पट्ट्या, जड तिवई आणि संथ भिंगे यांच्या साहाय्याने उडत्या पक्ष्याचे चित्र घेणे जवळजवळ अशक्यच होते.

घरट्यासमोरील लपण

या अडचणीवर पहिला उपाय निघाला तो घरट्याचा. पक्षी आकाशात पकडता येत नसला, तरी तो पिलांकडे परत येणारच, हे निश्चित. इंग्लंडमध्ये रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी १८९२ मध्ये अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले आणि १८९५ मध्ये केवळ छायाचित्रांनी सजविलेले घरट्यांविषयीचे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे कापडाचे वा झुडपांचे लपण उभारून त्यात तासन्‌तास बसण्याची पद्धत रूढ झाली. स्कॉटलंडमध्ये सेटन गॉर्डन यांनी सुवर्णगरुडाच्या घरट्याजवळ दीर्घकाळ बसून केलेल्या निरीक्षणांवरील पुस्तक १९२७ मध्ये आले. भारतात बेट्स आणि लोथर यांनी याच पद्धतीने काम केले. लोथर यांचे भारतातील पक्षिछायाचित्रणावरील पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले.

ही पद्धत धोक्याची होती आणि धोका दोन्ही बाजूंना होता. एरिक हॉस्किंग या इंग्रज छायाचित्रकाराचा एक डोळा १९३७ मध्ये वेल्समध्ये घुबडाच्या हल्ल्यात गेला. ते घुबड आपल्या घरट्याचे रक्षण करीत होते. ही घटना सर्वत्र सांगितली जाते. लपण फार जवळ उभारल्यामुळे घरटे सोडून गेलेल्या पक्ष्यांची अंडी थंड पडली, किंवा उघड्या पडलेल्या पिलांना उन्हाचा वा कावळ्यांचा उपद्रव झाला, अशा घटना मात्र क्वचितच लिहिल्या गेल्या. बंदूक बाजूला ठेवल्यामुळे पक्ष्याची हानी थांबली, असे मानण्याची सवय याच काळात लागली.

बाजदारी आणि छायाचित्रण यांची गाठ भारतात एका ठिकाणी स्पष्टपणे पडलेली दिसते. फ्रँक व जॉन क्रेगहेड या अमेरिकन जुळ्या बंधूंचा शिकारी पक्ष्यांवरील सचित्र लेख १९३७ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकात आला. तो वाचून भावनगरचे राजपुत्र धर्मकुमारसिंहजी यांनी त्यांच्याशी संपर्क साधला आणि १९४०-४१ मध्ये हे बंधू भावनगरला येऊन राहिले. धर्मकुमारसिंहजी स्वतः बाजदारीचे जाणकार होते. पुढे १९५५ मध्ये त्यांचा सौराष्ट्रातील पक्ष्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. क्रेगहेड बंधूंनी भावनगरच्या बाजदारीचे जे छायाचित्रण केले, ते लवकरच अस्तंगत होणाऱ्या एका दरबारी परंपरेचे दस्तऐवज ठरले. संस्थाने विलीन झाली, शिकारखाने बंद झाले. ज्या समाजाला ससाण्याचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, त्याचे ज्ञान विरळ झाले आणि त्याची जागा हळूहळू कॅमेरा घेतलेल्या निरीक्षकाने घेतली.

रानपिंगळ्याची साक्ष

छायाचित्र हे नमुन्यापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरू शकते काय? या प्रश्नाचे उत्तर देणारे उदाहरण महाराष्ट्रातच, खानदेशात घडले. रानपिंगळा या लहान घुबडाचे शास्त्रीय वर्णन ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात खानदेशातून त्याचे काही नमुने मिळविले. त्यांपैकी १८८४ नंतर या पक्ष्याची एकच नोंद मानली जात होती : रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवी येथे मिळविल्याचा दावा केलेला नमुना. या चिठ्ठीवर विसंबून अभ्यासकांनी चुकीच्या ठिकाणी शोध घेतला आणि पक्षी सापडला नाही. तो नामशेष झाला असावा, अशी शंका बळावली.

पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील नमुन्यांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा १९१४चा नमुना हा डेव्हिडसनच्याच संग्रहातून चोरलेला, पुन्हा शिवलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला असल्याचे निष्पन्न झाले. ही चिठ्ठी वगळून उरलेल्या अस्सल नोंदींच्या ठिकाणी शोध घेण्याचे ठरले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना रानपिंगळा दिसला. हा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. पुढच्या वर्षी तो नव्या नंदुरबार जिल्ह्यात गेला. पक्ष्याचे छायाचित्रण व चित्रफीत तेथेच घेण्यात आली. ११३ वर्षांनंतरच्या या पुनर्शोधासाठी पक्षी मारावा लागला नाही. त्यानंतर मेळघाटात आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही हा पक्षी आढळला.

इतिहासाच्या अभ्यासकाला या घटनेतून दुहेरी बोध घेता येतो. प्रत्यक्ष वस्तू हाती आहे म्हणून पुरावा खरा ठरत नाही. तिच्यासोबतची नोंद अस्सल असावी लागते. आणि जो न्याय नमुन्याला, तोच छायाचित्रालाही. तारीख व ठिकाण खोटे असेल, तर उत्तम छायाचित्रही १९१४च्या त्या कातड्याइतकेच दिशाभूल करणारे ठरेल. कागदपत्रांच्या अंतर्गत व बाह्य परीक्षणाची जी शिस्त इतिहासाच्या वर्गात शिकविली जाते, ती येथेही तितकीच लागू पडते.

गिधाडे : जे टिपले गेले नाही

गिधाडांची कहाणी याच्या उलट आहे. रानपिंगळा दुर्मीळ म्हणून शोधला गेला. गिधाडे सर्वत्र होती म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. गावाबाहेरच्या ढोरफोडीच्या जागी जमणारे थवे ग्रामीण महाराष्ट्राच्या नित्य परिचयाचे होते. १९९०च्या दशकात ते कमी होऊ लागले. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातील घट डॉ. विभू प्रकाश यांनी १९९९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकातून मांडली. ती मांडता आली, कारण तेथे १९८०च्या दशकातील मोजणी उपलब्ध होती. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटल्याचे पुढील सर्वेक्षणांतून दिसून आले; लांब चोचीच्या आणि सडपातळ चोचीच्या गिधाडांची एकत्रित घट ९६.८ टक्के होती.

या घटीचे कारण २००४ मध्ये स्पष्ट झाले. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या शरीरात जाते आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी करते. भारतात २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्यांचा गैरवापर थांबावा म्हणून २०१५ मध्ये कुपीचे आकारमान ३ मिलिलिटरपर्यंत मर्यादित करण्यात आले. २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांच्याही पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालण्यात आली.

ज्या गावाच्या शिवारात पूर्वीची मोजणी नाही आणि तारीखवार छायाचित्रेही नाहीत, तेथे गिधाडे किती होती व नेमकी कधी गेली, याचा आधार वयोवृद्धांच्या आठवणींवरच शोधावा लागतो. मौखिक इतिहासाचे मोल नाकारण्याचा येथे हेतू नाही. परंतु आठवण ही संख्या आणि वर्ष यांबाबत अनेकदा साथ देत नाही. दुर्मीळ पक्ष्याच्या मागे धावणारा कॅमेरा नित्याच्या पक्ष्याकडे वळला असता, तर ही उणीव काही प्रमाणात तरी भरून निघाली असती. आज घारी विपुल आहेत, म्हणून त्यांचे छायाचित्र घेण्यास कोणी थांबत नाही. गिधाडांच्या बाबतीत झाले ते लक्षात घेता ही वृत्ती तपासून पाहणे आवश्यक ठरते.

वेळेवर घेतलेले छायाचित्र काय करू शकते, याचे उदाहरण नागालँडमध्ये सापडते. ऑक्टोबर २०१२ मध्ये डोयांग जलाशयाजवळ अमूर ससाण्यांची जाळी लावून होणारी प्रचंड कत्तल रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी, बानो हरालू आणि रोकोहेबी कुओत्सू यांच्या पथकाने छायाचित्रे व चित्रफितींद्वारे उघडकीस आणली. एका हंगामात लाखाहून अधिक ससाणे मारले जात असल्याचा त्यांचा अंदाज होता. शासन, चर्च आणि ग्रामसभा यांनी पावले उचलली आणि पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ही कत्तल थांबली. हेच ससाणे पुढे भारतीय द्वीपकल्प व अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातात आणि हिवाळ्याच्या तोंडावर महाराष्ट्रातही दिसतात. पांगटी गावातील त्या बदलाचा लाभ लोणावळ्याच्या आकाशालाही झाला, असे म्हणता येईल.

डिजिटल काळ आणि मराठवाडा

जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ मध्ये झाली आणि १९७६ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. शंभराहून अधिक गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि पैठणजवळ नाथसागर हा विस्तीर्ण, उथळ जलाशय निर्माण झाला. १९८६ मध्ये सुमारे ३४१ चौरस किलोमीटर क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. गौताळा औट्रमघाट अभयारण्यही त्याच वर्षीचे. हिवाळ्यात जायकवाडीच्या काठावर मासे पकडणारा कैकर आणि पाणवनस्पतींवरून घिरट्या घालणारा दलदली भोवत्या दिसतो. जर्डन किंवा सलीम अली यांच्या काळात एवढा मोठा जलाशय येथे नव्हता. विस्थापनाची किंमत देऊन निर्माण झालेल्या या अधिवासाचा पक्षिइतिहास अवघ्या अर्ध्या शतकाचा आहे आणि म्हणूनच तो आरंभापासून नोंदविता येण्याजोगा आहे.

तंत्राच्या दृष्टीने परिस्थिती झपाट्याने बदलली. फिल्मच्या काळात एका रिळात ३६ छायाचित्रे मिळत. प्रत्येक बटण दाबताना खर्चाचा विचार होई. शिकारी पक्ष्यांवर भारतात झालेल्या कामाचे शिखर म्हणता येईल असा ग्रंथ, मुंबईचे रिशाद नौरोजी यांचा ‘बर्ड्स ऑफ प्रे ऑफ द इंडियन सबकॉन्टिनेंट’, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागे अनेक वर्षांचे क्षेत्रनिरीक्षण आणि छायाचित्रण होते. मराठीत मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांच्या नावांचे व लोकज्ञानाचे जे संकलन ‘पक्षिकोशा’त केले, तेही अशाच दीर्घ वनवासाचे फळ होय; २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. २००० नंतर डिजिटल कॅमेरा आला, स्वयंचलित फोकस वेगवान झाला आणि उडत्या ससाण्याचे चित्र सेकंदाला अनेक या गतीने घेता येऊ लागले. प्रतिमा विपुल झाल्या. परंतु त्यांपैकी किती प्रतिमांसोबत तारीख, ठिकाण आणि पक्ष्याचे वर्तन यांची नोंद जपली जाते, हा प्रश्नच आहे.

विपुलतेबरोबर स्पर्धाही आली. माळरानावर गरुड जवळ यावा म्हणून मांसाचे आमिष टाकणे, उडण्याचे चित्र मिळावे म्हणून बसलेल्या पक्ष्याकडे गाडी दामटणे, घरट्यासमोरील फांद्या तोडून दृश्य मोकळे करणे, असे प्रकार घडतात. उन्हाळ्याच्या दुपारी मादी अर्धा तास जरी घरट्यापासून दूर राहिली, तरी कोवळ्या पिलांना ते सोसत नाही.

कायद्याची भूमिका या बाबतीत अनेकांच्या समजुतीहून कठोर आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत वन्य प्राण्याला आमिष दाखविणे आणि वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना व्यत्यय आणणे यांचाही समावेश होतो. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवानगी लागते आणि २०२२च्या सुधारणेने अधिवासात बदल न करता, वन्यजीवांवर प्रतिकूल परिणाम होऊ न देता ते करण्याची अट स्पष्ट केली. म्हणजे घरट्याजवळ गर्दी करणारा छायाचित्रकार, त्याच्या हाती बंदूक नसली तरी, कायद्याच्या भाषेत शिकारी ठरू शकतो. शिकारखाना बंद झाला. त्याच्याशी निगडित वृत्ती मात्र सर्वस्वी संपली आहे, असे म्हणता येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. शिकारी पक्ष्याची प्रतिमा मिळविण्यासाठी माणसाने प्रथम त्याचे स्वातंत्र्य घेतले, नंतर त्याचे प्राण घेतले आणि कॅमेऱ्याच्या आगमनानंतर त्याच्या घरट्याची शांतता घेतली. लांब पल्ल्याच्या भिंगांमुळे यांपैकी काहीही न घेता प्रतिमा मिळविणे आज प्रथमच शक्य झाले आहे. ते प्रत्यक्षात येते की नाही, हे आता साधनांवर नव्हे, तर छायाचित्रकाराच्या संयमावर अवलंबून आहे.

छायाचित्र हे इतिहासाचे साधन व्हायचे असेल, तर त्यासोबत तारीख, ठिकाण, वेळ आणि निरीक्षण यांची विश्वसनीय नोंद असली पाहिजे. येथे एक अडचण उद्भवते. नेमके ठिकाण प्रसिद्ध केल्यास घरट्याकडे गर्दी लोटते आणि ते दडविल्यास पुरावा अपुरा राहतो. यावर मार्ग असा की, संपूर्ण तपशील संग्रहात सुरक्षित ठेवावा आणि प्रसिद्धी देताना केवळ तालुका किंवा जिल्हा नमूद करावा. पक्षिनोंदींच्या ‘ई-बर्ड’ या जागतिक संग्रहातही संवेदनशील जातींची ठिकाणे याच रीतीने झाकली जातात. दफ्तरखान्यांत गोपनीय कागदांना विशिष्ट काळ बंधन असते, तसाच हा प्रकार होय.

मराठवाड्यातील महाविद्यालयांना या कामी मोठा वाव आहे. इतिहास, प्राणिशास्त्र आणि भूगोल या विभागांनी एकत्र येऊन आपापल्या तालुक्यातील पक्ष्यांच्या छायाचित्रांचा तारीखवार संग्रह उभारल्यास आणि जुन्या घरगुती छायाचित्रांतून, वृद्धांच्या मुलाखतींतून गिधाडांच्या आठवणी गोळा केल्यास, हाती येणारी सामग्री पुढील पिढीच्या संशोधकाला उपयोगी पडेल. त्या संग्रहात दुर्मीळ गरुडाइतकीच जागा गावावर घिरट्या घालणाऱ्या घारीलाही असावी. जटायूला देवत्व देणाऱ्या या प्रदेशात गिधाडांच्या अखेरच्या थव्यांची तारीख अनेक गावांना सांगता येत नाही. तीच वेळ इतर शिकारी पक्ष्यांवर येऊ नये, एवढी दक्षता घेणे आजच्या अभ्यासकाच्या हाती निश्चितच आहे.